खंडाळ्याच्या वाऱ्यात अँटेना उभी करताना

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा ओलांडली की शिरवळ लागतं, मग खंडाळा, आणि समोर खंबाटकी उभी राहते. गाडीतल्या माणसासाठी तो घाट आहे. हौशी रेडिओवाल्यासाठी ती भिंत आहे. खंडाळ्यातून १४५ मेगाहर्ट्झवर हाक मारली, तर वाई, भुईंज, सातारा या दिशेला हा डोंगर आडवा येतो आणि पुण्याच्या दिशेला पुरंदर-कात्रजच्या रांगा. म्हणून या भागात नवा परवाना हातात पडलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मनोरा किती फुटी करू?

माझं उत्तर दरवेळी एकच असतं. कोणाशी बोलायचं आहे ते आधी सांगा. बहुतेकांना मनोऱ्याची गरजच नसते. ज्यांना असते, त्यांचा मनोरा वर नाही बिघडत. तो खाली, जमिनीत आणि जोडात बिघडतो.

उंचीचा हिशेब करून बघू. अतिउच्च वारंवारतेच्या लहरी, म्हणजे आपला दोन मीटरचा पट्टा, जवळपास नजरेच्या रेषेत जातात. मोकळ्या सपाटीवर त्यांची पोच काढायला सोपं सूत्र आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. ९ मीटर उंचीला साधारण १२ किलोमीटर येतात. खर्च वाढवून, जीव धोक्यात घालून १६ मीटर केले, तर साडेसोळा. सात मीटर पोलादाने चार किलोमीटर मिळवून दिले. उलट, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच असलेल्या टेकाडावर हातातला छोटा सेट घेऊन गेलात, तर तेच सूत्र ४१ किलोमीटर सांगतं. दूरदर्शनचे मनोरे सिंहगडावर आणि अजिंक्यताऱ्यावर बसवले ते याच कारणाने. उंची डोंगराकडून घ्यावी, पाइपाकडून नाही. खंडाळा तालुक्यात चढण्याजोग्या टेकड्यांना तोटा नाही, आणि एखाद्या रविवारी मित्राबरोबर सेट घेऊन टेकडीवर गेलात, तर आपल्या घरातून कुठली दिशा बंद आहे आणि कुठली उघडी, हे कुठल्याही नकाशापेक्षा लवकर कळेल.

आता दुसरी गोष्ट. सांगली, कोल्हापूर, लातूर, नाशिक इथल्या माणसाशी बोलायचं असेल, तर त्यासाठी दोन मीटरचा पट्टा नाहीच. तिथे चाळीस मीटरचा पट्टा लागतो. आपल्याकडे तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. इथे बहुतेक नवे लोक चुकतात. जितकी उंच तितकी चांगली, असं समजून ते डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन हातांची तार, वीस मीटर उंचीवर न्यायची स्वप्नं बघतात. पण डायपोल जमिनीपासून सहा ते दहा मीटरवर ठेवला, तर त्याची बरीचशी शक्ती सरळ आकाशाकडे जाते, आयनावरणाला आपटून छत्रीसारखी खाली उतरते आणि आजूबाजूचे तीन-चारशे किलोमीटर झाकते. मध्ये खंबाटकी असो की महाबळेश्वरचं पठार, तिला फरक पडत नाही, कारण ती डोंगरावरून जातच नाही, वरून येते. दिवसा सात मेगाहर्ट्झ आणि रात्री आयनावरण विरळ झालं की साडेतीन मेगाहर्ट्झ, एवढ्यावर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलता येतं. दोन बांबू किंवा एक पाइप आणि दोन झाडं, हा त्याचा खर्च.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडे याची गरज पडलेली आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथे दरडी कोसळल्या. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगली पाण्याखाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओवाले लातूर भागात संदेश पोचवत होते. अशा वेळी वीज जाते, मग मोबाइल मनोऱ्याची बॅटरी संपते, आणि उरतो तो मोटारीच्या बॅटरीवर चालणारा सेट आणि झाडाला टांगलेली तार. ती तार एरवी बांधून, तपासून, वापरून ठेवलेली असली तरच त्या दिवशी चालते.

डायपोलची लांबी काढायचं गणित सगळ्यांना माहीत असतं: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे दर बाजूला दहा मीटर सात सेंटिमीटर. पण वर प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार घेतलीत, तर ती याहून थोडी आखूड लागते, आणि जमिनीच्या जवळ असलेली तार आणखी वेगळं वागते. म्हणून दर बाजूला चाळीस सेंटिमीटर जास्त तार ठेवा, वर चढवा, मोजा, आणि मग कापा. या पट्ट्यात एकूण लांबी दहा सेंटिमीटरने कमी केली, की अँटेनाची अनुनादी वारंवारता सुमारे ३५ किलोहर्ट्झने वर सरकते. समजा अँटेनाकडून परत येणारी लहर मोजणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा सगळ्यात खालचा आकडा ६.९५ मेगाहर्ट्झवर आला, तर दर बाजूने एकवीस-बावीस सेंटिमीटर काढायचे. कापण्याऐवजी टोक मागे दुमडून तारेलाच घट्ट पिळून ठेवा. पुढे लागलं तर परत उघडता येतं. घराच्या वायरिंगची मऊ तांब्याची तार ताणाने लांबते आणि महिनाभरात अँटेना खाली सरकते. कडक ओढलेली तांब्याची तार मिळाली तर तीच घ्या. टोकं माणसाच्या आणि जनावराच्या हाताबाहेर, निदान तीन मीटर उंच हवीत. प्रक्षेपण चालू असताना टोकाला हात लागला तर भाजतं. आणि टोक झाडाला बांधणार असाल, तर दोरी सरळ बांधू नका. छोट्या कप्पीवरून घ्या आणि खाली वाळूची बाटली लोंबकळत ठेवा. झाड हलतं, तार हलत नाही. बाटली वरखाली होते, तार तुटत नाही.

एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी पुढचं मनोऱ्याचं सोडून थेट बिघाडाच्या भागाकडे जायला हरकत नाही. ज्यांना पाइप उभा करायचाच आहे, त्यांनी मात्र पुढची ओळ न् ओळ वाचावी.

वारा आणि पाइप

साताऱ्याची पठारं वाऱ्याची आहेत. चाळकेवाडी, वनकुसवडे इथल्या पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत, आणि सांगलीकडे ढालगावच्या पठारावरही त्या त्याच कारणाने आहेत. त्यांना जो वारा पोसतो तोच तुमच्या पाइपाला पाडतो. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५, भाग ३ हे मानक आहे. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे तासाला सुमारे १४० किलोमीटर. खंडाळ्यासाठीही मी याहून कमी धरत नाही. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणला की दाब न्यूटनमध्ये मिळतो; किलोत सांगायचं तर दर चौरस मीटरला साधारण ९३ किलो. आणि हे झालं सपाटीवरचं. टेकडीच्या माथ्यावर, घाटाच्या कडेला वारा दाटून वेग घेतो; त्यासाठी हेच मानक वेग १.३६ पटींपर्यंत वाढवायला सांगतं. वेग १.३६ पट झाला की दाब १.८५ पट होतो. खंबाटकीच्या बाजूला उतारावर घर असलेल्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

एक साधं उदाहरण घेऊ. बाजारात जीआय पाइप वीस फुटी मिळतात. दोन इंची, बी क्लासचे दोन जोडले की चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर. वजन साठ किलोच्या आसपास. वर एक छोटी यागी अँटेना. हा पाइप स्टे, म्हणजे ताणाच्या तारा, न लावता नुसता बुडाशी काँक्रीटमध्ये गाडला आणि वर सांगितलेला वारा आला, तर बुडाशी पडणारा ताण त्या पोलादाला झेपेल त्याच्या चौपट होतो. मी हे गणित अनेकांना कागदावर करून दाखवलं आहे, कारण "आमच्या शेजाऱ्याचा टिकलाय की" हे उत्तर मला दरवेळी मिळतं. तो टिकलाय, कारण अजून तेवढा वारा आलेला नाही.

त्या पाइपावर झेंडा लावू नका. दिवाळीत दिव्यांची माळही सोडू नका. झेंड्याचं कापड वाऱ्याच्या बाबतीत आणखी एका अँटेनाएवढं काम करतं, आणि फडफडण्याचे झटके सगळे जोड ढिले करतात. वाऱ्याला जायला जागा द्यायची असते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भरीव पत्र्याच्या केल्या नाहीत. दोरखंडासारख्या ताणलेल्या पोलादी तारांवर बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवली. मीटरभर लांबीच्या लहरीला जाळी आरशासारखीच दिसते, वारा मात्र आरपार जातो. म्हणूनच एवढी मोठी तबकडी एवढ्या कमी पोलादात उभी राहिली. आपल्या बारा मीटरच्या पाइपाला नियम तोच आहे.

दोन पाइप जोडताना आटे पाडून सॉकेटवर भरवसा ठेवू नका. आटे पाडले तिथे पाइपाची जाडी बरीच कमी होते, आणि पाइप नेमका तिथेच मोडतो. आत बसणारा दोन फुटी जाड तुकडा घाला, आरपार बोल्ट मारा, आणि स्ट्यांचा एक संच त्या जोडाच्या जवळच येईल असं बघा. वेल्डिंग केलंत तर तिथला जस्ताचा थर जळतो. त्याच दिवशी घासून झिंक प्राइमर लावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यानंतर तिथून गंजाचे ओघळ दिसतील.

स्टे हा या सगळ्याचा जीव. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचताना तुम्ही पाहिल्या असतील. सातारा-सांगलीच्या कितीतरी गावांच्या काठ्या तिथे जातात. काठी एकजण उचलतो, पण ती उभी राहते ती चहूबाजूंनी दोऱ्या धरलेल्या माणसांमुळे. एका दोरीवाल्याने जास्त ओढलं की काठी झुकते, एकाने ढील दिली की सगळ्यांचा तोल जातो. स्ट्यांचं तसंच आहे. तीन दिशांना, सारख्या अंतरावर, सारख्या ताणाचे. बारा मीटरच्या पाइपाला दोन उंचींवर दोन संच, आणि खुंट बुडापासून आठ-नऊ मीटरवर. अंगण लहान म्हणून खुंट साडेतीन मीटरवर आणलात, तर त्याच वाऱ्याला तारेवरचा ताण दुप्पट होतो आणि ती तार पाइपाला तेवढ्याच जोराने खाली दाबते. अंगण लहान असेल तर पाइप लहान करा. दुसरा उपाय नाही.

तार चार-पाच मिलिमीटरची, सात पदरी जीआय. फासात थिंबल घाला, नाहीतर तार वळणावर चिरडते. प्रत्येक टोकाला तीन यू-क्लॅम्प. क्लॅम्पची खाचांची पट्टी भार घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या आखूड शेपटीवर बसला पाहिजे. उलटा लावला तर बोल्ट भाराच्या तारेलाच चेमटवतो. महावितरणच्या खांबाला असतो तसला चिनी मातीचा अंड्यासारखा इन्सुलेटर मध्ये घातला तर दोन कामं होतात. तारेचे दोन फास त्यात एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे इन्सुलेटर फुटला तरी स्टे सुटत नाही. आणि सलग लांब तार एखाद्या पट्ट्यात स्वतःच अँटेनासारखी वागायला लागते, ते टळतं.

तारेचा ताण कमीजास्त करणारा टर्नबकल आवळून झाला की त्याच्या पोटातून तार ओवून दोन्ही बाजूंना बांधून टाका. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा पहिला पाइप मे महिन्याच्या वळवात पडला. तार तुटली नव्हती, खुंट उपटला नव्हता. वाऱ्याच्या थरथरीने एक टर्नबकल आठवडे न् आठवडे हळूहळू उलटा फिरत सुटला होता, आणि मी खालून रोज तो पाइप बघत होतो. तो गोठ्याच्या पत्र्यावर आडवा झाला. जनावरं त्या वेळी रानात होती. त्या दिवसापासून बांधून न ठेवलेला टर्नबकल मी कुणाच्या अंगणात दिसला तरी विचारल्याशिवाय राहत नाही.

खुंटासाठी जमीन ओळखा. नीरेच्या बाजूला काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात उथळ गाडलेला खुंट दरवर्षी थोडा थोडा वर येतो. ती खणून खालच्या मुरमापर्यंत जा, निदान मीटरभर, आणि काँक्रीटचा ठोकळा मातीखाली आडवा राहील असा घाला. डोंगराच्या बाजूला वीतभरावर काळा पाषाण लागतो. तिथे खणत बसण्याऐवजी छिद्र पाडून सळई ग्राउटने बसवून घ्या. काँक्रीटला आठवडाभर गोणपाट ओलं ठेवून पाणी मारा आणि पूर्ण ताण अठ्ठावीस दिवसांनी द्या. पाइपाचं बूड काँक्रीटमध्ये बंद करू नका. आत साचलेलं पाणी पाइपाला आतून खातं आणि बाहेरून काही दिसत नाही. गच्चीवर उभारणार असाल तर कठड्याच्या विटकामाला स्टे कधीच बांधू नका, खाली कॉलम आहे तिथेच बांधा. आणि जमिनीलगतच्या दोन मीटर तारेवर पांढरा पीव्हीसी पाइप चढवा. म्हैस अंग घासते, उसाची ट्रॉली वळते, आणि रात्री मुलं पळतात.

उभा करताना बुडाशी बिजागरी आणि ओढायला पाइपाशी काटकोनात बांधलेली डोलकाठी, ही पद्धत गावातल्या चार माणसांना पुरते. सगळ्यात जास्त जोर पहिल्या हातभर उचलताना लागतो. बाजूचे दोन स्टे आधीच खुंटाला अडकवून ठेवा, म्हणजे पाइप डावा-उजवा जाणार नाही. बोलणारा एकच असावा.

आणि सगळ्यांत आधी वर बघा. शेतीपंपाची ११ केव्हीची लाइन, घरची सर्व्हिस वायर, काहीही. पाइप, वरची अँटेना आणि लोंबणारी तार मिळून कुठल्याही दिशेला पडली तरी लाइनपासून निदान तीन मीटर लांब राहिली पाहिजे. जागा तशी नसेल तर तिथे मनोरा नाही. भारनियमनाच्या वेळेत काम उरकू, हा विचार मनातून काढून टाका. लाइट गेली म्हणजे तार मेली असं नसतं. कुठूनही, कधीही ती परत जिवंत होते. चढायची वेळ आलीच तर कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोऱ्या हव्यात, म्हणजे एक सोडताना दुसरी अडकलेली असते. खालच्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट. एकट्याने कधीच नाही.

वीज आणि अर्थिंग

आपल्याकडे धोक्याचा काळ आषाढ-श्रावण नाही. एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, हे विजांचे दिवस. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप फोनमध्ये ठेवा. आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगतं. इशारा आला की सेटपासून केबल काढा आणि तिचं टोक घरात टेबलावर सोडू नका. खिडकीबाहेर, अर्थिंगला जोडलेल्या पत्र्याच्या डब्यात ते अडकवायची सोय करून ठेवा. ढग डोक्यावर आल्यानंतर केबलला हात लावायचा नाही. मग जे होईल ते होऊ द्या.

खंडाळ्यातलं अर्थिंग अवघड आहे, कारण मुरूम आणि खडक उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत होतात, नेमके वळवाच्या वेळी. एक खोल खड्डा करण्यापेक्षा तीन-चार रॉड वेगवेगळ्या जागी, एकमेकांपासून रॉडच्या दुप्पट लांबीवर ठोका आणि जीआय पट्टीने जोडा. मीठ-कोळशाने सुरुवातीला बरं वाटतं, पण मीठ रॉड खातं आणि पावसात वाहून जातं. बेंटोनाइट पाणी धरून ठेवतं. सांडपाण्याची जागा जवळ असेल तर रॉड तिथे घ्या. मनोऱ्याचं अर्थिंग आणि घराच्या मीटरचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलंच हवं. ते वेगळं ठेवलं तर वीज पडल्यावर दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या सेटमधून वाट काढतो. पट्टीला काटकोनी वळणं देऊ नका, वीज तीव्र वळण सहज घेत नाही.

बिघाड शोधताना

ज्या दिवशी अँटेना नवीन आणि ठणठणीत असते, त्याच दिवशी एक वही करा. पट्ट्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एसडब्ल्यूआर किती, मल्टिमीटरने केबलच्या मधल्या तारेपासून जाळीपर्यंत रोध किती, हवा कशी होती, तारीख काय. बालन (केबल आणि डायपोल जुळवणारा ट्रान्सफॉर्मर) बसवलेला डायपोल मल्टिमीटरला शॉर्ट दिसू शकतो आणि तरीही अगदी ठीक असतो. ठणठणीत असताना काय दिसत होतं हे ठाऊक नसेल, तर बिघाड ओळखणार कसा?

मग बिघाड कधी येतो ते विचारा. फक्त पावसात आकडा चढत असेल, तर कुठल्या तरी जोडात पाणी आहे. वाऱ्यात काटा नाचत असेल, तर कुठे तरी जोड ढिला आहे, बहुधा मधल्या इन्सुलेटरपाशी, जिथे तार रोज हजारदा वाकते. हळूहळू, महिन्यागणिक वारंवारता खाली सरकत असेल, तर तार लांबते आहे. एका दिवसात सगळंच मेलं असेल, तर आधी स्वतःच्या खोलीतला कनेक्टर बघा. दहापैकी सहा-सात वेळा चढायची वेळच येत नाही, म्हणून शोध नेहमी खालून वर घ्यायचा: सेटला थेट डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रोध), मग मधली छोटी केबल लावून डमी लोड, मग मुख्य केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड. जिथे आकडा बिघडला, त्याच्या अलीकडचा तुकडा दोषी.

मीटरवर आंधळा विश्वास नको. आरजी-५८ ही स्वस्त बारीक केबल १४५ मेगाहर्ट्झवर तीस मीटर लांब टाकली, तर सुमारे सहा डेसिबल तिच्यातच जातात. सेटमधून निघालेल्या शक्तीचा जेमतेम पाव हिस्सा वर पोचतो. आणि वर अँटेना तुटून पडली असली, तरी परत येणारी लहरही वाटेत तेवढीच विरते, त्यामुळे खालचा मीटर पावणेदोनच्या आतच दाखवतो. माणूस समाधानाने म्हणतो, एसडब्ल्यूआर चांगला आहे. तीच केबल सात मेगाहर्ट्झवर तीस मीटरला एक-सव्वा डेसिबलच खाते, तिथे ती चालते. दोन मीटरच्या पट्ट्यासाठी आरजी-२१३ किंवा त्याहून चांगली घ्या. पैसे पाइपाच्या उंचीवर घालण्याऐवजी केबलवर घाला.

जोड बंद करताना सिलिकॉनच्या ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा वास येतो ती वापरू नका; तिचं आम्ल तांबं खातं. आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळत, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात. त्यावर उन्हाला टिकणारी काळी टेप. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल.

आता आवाजाबद्दल. सेकंदाला एकदा टक्, टक् असा ठोका येत असेल, तर शेजारच्या शेतातलं रानडुकरांसाठीचं झटका मशीन आहे. कुंपणाच्या तारेला गवत किंवा फांदी टेकली, की तिथे ठिणगी उडते आणि तुम्हाला ऐकू येते. शेतकऱ्याशी भांडू नका, त्याच्याबरोबर कुंपणाच्या कडेने फिरा आणि गवत कापून द्या. त्याचं कुंपणही नीट चालेल. कोरड्या हवेत सतत खर्र आवाज आणि पाऊस पडला की तो थांबला, तर विजेच्या खांबावर कुठे तरी ढिला जोड आहे. खांब क्रमांक टिपून वीज कार्यालयात लेखी द्या, खांबाला काठी मारून बघू नका. दिवसा येणारा आणि सूर्य मावळला की जाणारा गोंगाट बहुधा सौरपंपाच्या किंवा गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचा. पण बाहेर कुणाकडे बोट दाखवण्याआधी सेट बॅटरीवर घ्या आणि घरचा मुख्य स्विच पाडा. बऱ्याचदा तो आवाज आपल्याच स्वस्त एलईडी दिव्याचा किंवा मोबाइल चार्जरचा निघतो. प्रक्षेपण करताना माइक ओठाला चटका देत असेल किंवा घरातली बेल आपोआप वाजत असेल, तर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून लहर परत घरात येते आहे. अँटेनापाशी १:१ बालन आणि खोलीत शिरताना फेराइटच्या कड्यावर केबलचे सात-आठ वेढे, हा त्यावरचा उपाय.

परवाना नसेल तर प्रक्षेपणाचं बटण दाबू नका. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन तो मिळवता येतो. घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांना बरोबर घेऊन अभ्यास करा.

रोहिणी नक्षत्र पंचवीस मेच्या आसपास लागतं, मृग सात-आठ जूनला. त्या दोन आठवड्यांत एक सकाळ काढा. प्रत्येक खुंटापाशी कुदळीने वीतभर माती काढून सळई बघा, कारण ती नेमकी जमिनीखालीच गंजते. प्रत्येक टर्नबकल हाताने हलवून बघा. टेप सुटली असेल तर बदला, वहीत आकडे लिहा, तारीख घाला. पहिला वारा त्यानंतर येऊ द्या.